गोधडीचा गोड घास

“मेलो! अगं, मेलो! पेटली गोधडी, पेटली!”

आमचे हे पलंगावर उभे राहून ओरडत होते. सदतीस वर्षांच्या संसारात या माणसाचा चढलेला आवाज मी फार तर तीनदा ऐकला असेल, त्यातला एकदा गॅसची गाडी पुढे निघून जात होती म्हणून. त्या सकाळी मात्र नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. मागच्या गल्लीतल्याही उघडल्या असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं, आणि इतक्यांदा सांगितलं की आता मला त्या उघडताना दिसतात.

ऑर्डरी तुंबल्या होत्या म्हणून मी सकाळीच स्वयंपाकघरात नानकटाईचं पीठ मळत होते. तशीच तुपाच्या हातांनी मोरीतली बादली उचलली, धावत गेले आणि यांच्यावर अख्खी रिकामी केली. तेव्हा कळलं की आग वगैरे काही नाही. लाल मुंग्या. यांच्या पाठीवर, पोटावर, कानात, बनियनच्या आत. मी काही मोजत बसले नाही, पण दोन लाखांच्या खाली नसतील. ओले चिंब हे एका पायावर नाचत होते, आणि पायाखाली माझी नवी कोरी गोधडी होती, जी यांनी आदल्या संध्याकाळी मोठ्या हौसेने घडी मोडून पांघरायला काढली होती.

मी गोधडी झटकायला उचलली. कडेला मुंग्या तुरळकच होत्या. मधोमध जे चौकोनी ठिगळ होतं, त्याच्याभोवती मात्र दिवाळीच्या आधी रविवार कारंजाच्या बाजारात असते तशी गर्दी. शिवणीच्या फटीतून आत जात होत्या आणि तोंडात कणी धरून बाहेर येत होत्या.

ते ठिगळ बघितलं आणि गोधडी माझ्या हातातून सुटली. यांच्या काळजीने नव्हे. हे माझ्या हातचं सदतीस वर्षं खाऊन टिकलेत, मुंग्यांनी यांना काय होणार? मला आठवली ती दुसरी गोधडी. त्याच दुपारी, त्याच सुईने, आत तेच घालून मी आणखी एक गोधडी शिवली होती. हातभर लांबीची. ती तीन दिवसांपूर्वी मुलाबरोबर दिंडोरीला गेली होती, माझ्या पंचवीस दिवसांच्या नातीच्या अंगावर घालायला.

आता हे ‘आत तेच’ म्हणजे काय, ते सांगायला हवं.

माझं माहेर पेठच्या बाजूचं, डोंगरातलं. आमच्याकडे गोधडी उपाशी ठेवत नाहीत. चारी बाजूंनी धावदोरा घालत घालत बाई मध्यावर आली, की तिथल्या ठिगळाखाली नागलीच्या भाकरीचा वाळलेला तुकडा ठेवायचा आणि मग ठिगळ शिवून टाकायचं. गोधडीचा घास म्हणतात त्याला. गोधडीचं पोट भरलेलं असलं की पांघरणाऱ्याला ऊब मिळते; उपाशी गोधडी उलट माणसाचीच ऊब खाते. माझ्या आईने शिकवलं, मी कधी चुकवलं नाही. आणि वाळलेली नागलीची भाकरी अशी असते की मुंगीच काय, घूसही तिच्याकडे पाहून रस्ता बदलते. दगडाला दात कोण लावणार?

पण इकडे माझं सगळं घरच दोन व्यवसायांनी भरलेलं. सकाळी गोधड्या, दुपारी ओव्हन. बायका आपल्या आयांच्या, सासवांच्या जुन्या साड्या गाठोड्यात बांधून आणतात, मी त्या पसरून, थर लावून, गुडघ्यावर सरकत सरकत शिवते. अकरा वाजले की सुई दोऱ्याच्या गुंडीला टोचते, हात धुते आणि केक, नानकटाई, खारी यांच्या मागे लागते. माझ्या नानकटाईच्या वासाने पाथर्डी फाट्यावरच्या रिक्षा आपोआप आमच्या गल्लीकडे वळतात, हे मी अनेक रिक्षावाल्यांना सांगितलेलं आहे. पिठाचं गोधडीला आणि दोऱ्याचं पिठाला लागू द्यायचं नाही, एवढा एकच नियम मी पाळत आले.

तो नियम मी त्या दुपारी मोडला. घरात भाकरी नव्हती. चार दिवस ऑर्डरींच्या गडबडीत आम्ही दोघं पाव आणि फसलेले केक खाऊन राहत होतो. दोन्ही गोधड्या मध्यावर आल्या होत्या, मुलगा संध्याकाळी दिंडोरीला निघणार होता, आणि समोर ताटात नानकटाई गार होत होती. मी म्हटलं, पहिली नात. सात वर्षांनी झालेली. तिच्या नशिबी वाळकी भाकरी कशाला? आयुष्यभर गोड लागू दे पोरीला. दीड नानकटाई चुरून तिच्या गोधडीत घातली, उरलेली अर्धी यांच्या. साजूक तुपाची, पिठीसाखरेची. आणि वरून स्वतःवरच खूश झाले की आईला जे सुचलं नाही ते मला सुचलं.

मुंग्यांना मात्र ते लगेच सुचलं.

मी पलंगाच्या कडेवर बसले. डोक्यात एकच चित्र येत होतं. बाळाला गुंडाळलं की त्याचे हात आत असतात. मोठा माणूस नाचतो, ओरडतो, झटकतो. तिने काय करायचं? ती आठव्या महिन्यात आलेली, जन्मल्यावर बारा दिवस काचेच्या पेटीत होती. तिचं रडणं म्हणजे मांजराच्या पिल्लाने जांभई द्यावी एवढं. पलीकडच्या खोलीत कुणाला ऐकू जाणार नाही. आणि गोधडीचं मधलं ठिगळ येतं कुठे? बरोबर पोटावर.

मी मुलाला फोन लावला. तो सातपूरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला, मोबाइल गेटवर जमा. सुनेचा फोन बंद. तिच्या आईने बाळंतिणीच्या खोलीत मोबाइलला बंदी घातली होती. राहिल्या विहीणबाई.

“काय विहीणबाई, सकाळच्या पारी आठवण?”

“बाळ कसं आहे?” मी एकदम विचारलं.

“मजेत हाय की. न्हाऊ घातलं, शेक दिला, झोपली. तुमच्याच गोधडीत गुंडाळलीया. काय झोपलीय म्हणून सांगू!”

“गोधडीत?”

“तर काय! दोन दिस झालं, त्या गोधडीबिगर डोळाच मिटत नाय पोरीचा. काढली की लगेच रडं. आळीतल्या बाया बघायला येत्यात, म्हणत्यात काय हात हाय हो नाशिकच्या आजीचा.”

आता सांगायचं होतं. वाक्य तयार होतं, पाच शब्दांचं: गोधडी काढा, आत मुंग्या आहेत. पण मी दवाखान्यात याच बाईपुढे छाती पुढे काढून सांगितलं होतं की माझ्या गोधडीत झोपलेलं बाळ कधी शिंकतसुद्धा नाही. एक पोर तर माझ्या गोधडीत रात्रीतून अर्धा किलो भरलं, सकाळी आईला ओळखू येईना. तेव्हा विहीणबाई माझ्याकडे बघून हसल्या होत्या. ते हसू अजून माझ्या अंगाला चिकटलेलं होतं. आणि आता त्या स्वतःच्या तोंडाने माझं कौतुक करत होत्या. ते पाच शब्द मी गिळले.

“एकदा झटकून घ्याल का?” मी म्हटलं.

“झटकू कशापायी?”

“नाही, म्हणजे एखादा दोरा राहिला असेल सुटा.”

“तुमच्या कामात सुटा दोरा? काय तरीच! ठेवते हं, बागेत काढणी हाय आज, बाया आल्यात.”

फोन बंद झाला. मी लगेच परत लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. विहीणबाई द्राक्षांत गेल्या होत्या आणि फोन कुठल्या तरी खिडकीत एकटाच थरथरत होता. म्हणजे घरात बाळ आणि माझी सून, आणि सून शेक घेतल्यावर दगडासारखी झोपते हे मला माहीत होतं.

हे खोबरेल तेल चोळत दारात आले. “सांगितलंस?”

“सांगितलं,” मी म्हटलं.

का म्हटलं, देव जाणे. सवयीनेच निघालं तोंडातून.

“मग?”

“काढून ठेवते म्हणाल्या.”

“बरं झालं बाई,” असं म्हणून हे खुर्चीत टेकले आणि मानेवर उठलेली गांधी चाचपू लागले.

“आपण जाऊन येऊ या दिंडोरीला. आत्ताच.”

“सांगितलंस ना? मग घाई कसली?”

“माफी मागायला नको का समोर जाऊन?”

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कुणाची माफी मागितल्याचं यांच्या पाहण्यात नव्हतं. तो सोहळा चुकवायचा नाही असं वाटलं असावं, कारण लगेच उठले. पण उठून आंघोळीला गेले. अंगाची आग होतेय म्हणून दोन बादल्या पाणी घेतलं, वर पुन्हा तेल चोळलं. मग इस्त्रीचा शर्ट शोधला. मी दारात चप्पल घालून उभी, आणि हे आरशासमोर भांग पाडतायत. घाई करा म्हणावं तर का ते सांगावं लागणार. आपणच बांधलेली गाठ आपल्यालाच सुटत नाही म्हणतात, तसं झालं होतं.

स्कूटर निघाली. हे ती अशी चालवतात की पायी जाणारे लोक पुढे निघून जातात आणि वळून नमस्कार करतात. पेट्रोल भरलं. हवा भरली. हवा भरणाऱ्याला यांनी मुंग्यांची गोष्ट सांगितली, तो हसला, हेही हसले. मी मागे बसून पदराचं टोक चावत होते. दर मिनिटाला मला वाटत होतं, आता. आता ती पहिली मुंगी ठिगळातून बाहेर आली. आता तिने बाकीच्यांना बोलावलं.

म्हसरूळ सोडल्यावर एका टपरीपाशी यांनी स्कूटर उभी केली.

“आता काय?”

“व्याह्यांकडे रिकाम्या हातांनी कसं जायचं? बिस्किटं घेतो.”

माझ्या घरात नानकटाईचे तीन डबे भरलेले, आणि हा माणूस टपरीवर बिस्किटांचे पुडे उलटेपालटे करून बघतोय! दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी त्यावरून रामायण केलं असतं. त्या दिवशी मी रस्त्याकडे बघत राहिले. रस्त्याने द्राक्षांच्या क्रेट भरलेले टेंपो एकामागून एक पिंपळगावच्या दिशेने चालले होते, आणि मला त्यांच्या धुरळ्यात फक्त एक चेहरा दिसत होता, लिंबाएवढा, डोळे मिटलेला.

“अहो.”

“काय? क्रीमची घेऊ का?”

“मी सांगितलं नाही.”

“काय सांगितलं नाहीस?”

“मुंग्यांचं. विहीणबाईंना. मी बोललेच नाही.”

हे वळले. “आणि गोधडी?”

“बाळाच्या अंगावर आहे.”

मला वाटलं, सकाळसारखे ओरडतील. मनातून मी त्याचीच वाट पाहत होते. पण यांनी दोन्ही पुडे हळूच फळीवर परत ठेवले, स्कूटरला किक मारली आणि म्हणाले, “बस.”

मग ती स्कूटर जी सुटली! जो माणूस बैलगाडीला वाट देतो, त्याने एसटीला मागे टाकलं. एक ट्रॅक्टर, दोन टेंपो, लग्नाची एक जीप. शंभर-सव्वाशेचा वेग असेल. काटा पाच वर्षांपासून वीसवर अडकलेला आहे, त्यामुळे मला खोटं पाडायला कुणी येणार नाही. पण मला त्याची भीती वाटली नाही. भीती वाटली ती यांच्या पाठीची. ओल्या तेलाचे डाग पडलेली ती पाठ संपूर्ण वाटभर एक शब्द बोलली नाही. मी वणीच्या देवीला नवस बोलले की पोरगी धड असू दे, यापुढे एक अक्षरही वाढवून बोलणार नाही. बोलता बोलता लक्षात आलं की देवी मला चांगली ओळखते. म्हणून नवस कमी केला: वर्षभर बोलणार नाही. मग सहा महिने म्हटलं. निदान पाळता येईल असं काहीतरी तिच्यापुढे ठेवावं, एवढीच धडपड.

घर बागेला लागून. अंगणात रिकाम्या क्रेटची चळत, माणूस एक नाही. सगळे आत बागेत. लांबून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. दार उघडंच. आतल्या खोलीत अंधार, शेकाच्या धुराचा आणि ओव्याचा वास. सून कानाला स्कार्फ बांधून भिंतीकडे तोंड करून झोपलेली. मधे पाळणा.

आवाज नव्हता. काहीच नाही. पाळणा हलतसुद्धा नव्हता.

मी दोन पावलांवर येऊन थांबले. माझ्या हातांनी मी हजार गोधड्या शिवल्यात, पुरणाच्या कढत कढईत बोट घालून चव बघितली आहे, आणि ते हात पुढे जाईनात. त्या शांततेत आपण काय उघडणार आहोत हे बघायची माझी तयारी नव्हती. खोटं सांगत नाही, मागे वळून पळून जावं असं मला वाटलं.

हेच पुढे झाले. वाकले. गाठोडं उचलून माझ्या हातात दिलं.

मी दारातल्या उजेडात नेऊन भराभरा सोडलं. एक वेढा, दुसरा, तिसरा. पाय बघितले, बोटं एकेक करून मोजली, काखा बघितल्या, कानामागे बघितलं, पोटावरून तळहात फिरवला. गुलाबी. स्वच्छ. एक टिपका नाही. थंड वारा लागला तशी ती जागी झाली, माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलं आणि तिचं ते जांभईएवढं रडणं सुरू झालं. इतकं गोड काही मी आजवर भाजलेलं नाही.

मग माझं लक्ष हातातल्या कापडाकडे गेलं. विरलेलं, धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर. तिच्या आजोबांचं असणार. गोधडी नव्हतीच.

“आई?” सून धडपडत उठली. “तुम्ही कधी आलात? काय झालं तिला?”

“गोधडी कुठेय?”

“कुठली?”

“माझी! मी पाठवलेली!”

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा जमिनीकडे. “ती ठेवलीय, आई. कपाटावर. तिच्या काठाची जर टोचत होती बाळाच्या गालाला. म्हणून पहिल्या दिवशीच...”

जर. विहिणीच्या गावात मिरवावी म्हणून नव्या साडीचा जरीकाठ मी चारी बाजूंनी लावला होता. मऊ जुनं लुगडं घरात असताना.

हे स्टुलावर चढले. कपाटावर कापडी पिशवी होती. झरोक्यातून भिंतीवरून खाली एक लाल रेघ आली होती, सुतारानेही मारली नसती इतकी सरळ, आणि ती पिशवीत शिरत होती. यांनी पिशवी लांब धरून अंगणात नेली आणि उन्हात उपडी केली. हातभर गोधडी, आणि तिचं मधलं ठिगळ दिसतच नव्हतं. वर दुसरं लाल ठिगळ होतं, हलणारं. पाळण्यापासून कपाट चार पावलांवर.

यांना पुन्हा दोन-चार चावल्या. हे पुन्हा नाचू लागले. या वेळी ओरडले मात्र नाहीत.

त्याच वेळी विहीणबाई बागेतून धावत आल्या, हातात द्राक्षं काढायची कात्री, डोक्यावर टॉवेल. कुणीतरी स्कूटर बघितली असावी. त्यांनी अंगणातले व्याही बघितले, गोधडी बघितली, माझ्या हातातली उघडी पोर बघितली. आणि मी सगळं सांगून टाकलं. भाकरी नव्हती ते, नानकटाई घातली ते, सकाळच्या मुंग्या, फोनवर तोंड उघडलं नाही ते. एका दमात. मुंग्यांचा आकडासुद्धा सांगितला नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. गोधडीजवळ जाऊन वाकून बघितलं, पायाने थोडी दूर ढकलली. मग कात्री ओट्यावर ठेवली, हात धुतले, माझ्याकडून पोरीला घेतलं आणि उभ्या उभ्याच त्या जुन्या धोतरात तिला गुंडाळू लागल्या.

पोर सुखरूप बघून माझ्या अंगात आता जीव आला होता, आणि जीव आला की मला आवाजही येतो.

“अहो पण विहीणबाई,” मी म्हटलं, “मग सकाळी फोनवर का म्हणालात, तुमच्याच गोधडीत झोपलीय म्हणून? दोन दिवस तिच्याशिवाय डोळा मिटत नाही म्हणून? आळीतल्या बाया बघायला येतात म्हणून? माझा अर्धा जीव गेला ना वाटेत!”

विहीणबाईंनी धोतराचं शेवटचं टोक नीट आत खोचलं.

“तुमाला बरं वाटावं म्हणून,” त्या म्हणाल्या.